थांबलेला रस्ता

कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला आहात. पुणे-बंगळूर महामार्गाच्या पाट्यांवर आता 48 आकडा आहे, पण शेजारच्या आजोबांच्या तोंडी अजून 'एनएच फोर'च. कागल मागं पडतं, दूधगंगा ओलांडली की कोगनोळी येते आणि पाट्यांवर कन्नड अक्षरं दिसू लागतात. गाडी सुसाट आहे. डोळे मिटा.

उघडता तेव्हा ऑगस्ट 2019. तुम्ही शिरोलीपाशी उभे आहात आणि समोर रस्त्याच्या जागी पंचगंगा वाहते आहे. ऊस शेंड्यापर्यंत बुडालाय. नजर पोचेल तिथवर मालट्रकांची रांग. क्लीनर पोरानं चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवलाय. तो न विचारता तुमच्याही हातात चहा देतो. जवळजवळ आठवडाभर असंच चालणार आहे. दूध, भाजी, औषधं, गॅस... या डांबराच्या पट्टीवर किती घरांच्या चुली अवलंबून आहेत, ते ती बुडाल्यावर कळतं.

आणखी मागं चला. एप्रिल 1981, निपाणी. उन्हाची काहिली, पहिल्याच श्वासाला तंबाखूचा ठसका लागतो. या वेळी महामार्ग माणसांनी अडवलाय. 14 मार्चपासून तंबाखू पिकवणारे शेतकरी इथंच मुक्कामाला आहेत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी बोलताहेत आणि आयुष्यभर व्यापारी सांगेल तो भाव घेतलेली माणसं मान वर करून ऐकताहेत. एक मावशी तुमच्या हातावर भाकरी ठेवते. "खावा, लेकरा. गावातनं आलीया."

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी मरणार आहेत. तुम्ही सांगू पाहता, पण उद्याचा माणूस कालच्याला हाक मारू शकत नाही. घास घशातच राहतो.

अजून मागं. 31 ऑक्टोबर 1956, दूधगंगेकाठी मध्यरात्र. अमावास्या जवळ आलेली, काळोख दाट. नाका नाही, अडसर नाही. कागल आणि निपाणी, दोन्ही अजून मुंबई राज्यातच. घुंगरं वाजवत एक बैलगाडी येते. गाडीवान पेंगतो आहे, बैलांना वाट पाठ आहे. तेवढ्यात तारीख बदलते. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. घुंगरांचा ताल चुकत नाही. रस्ता थांबला नाही. मागं थांबली ती माणसं, सात दशकं सीमावादाच्या निकालाची वाट पाहत.

"निपाणीऽऽ! पाच मिनिटं थांबंल गाडी!"

तुम्ही दचकून जागे होता. पुढच्या सीटवरची बाई कंडक्टरशी मराठीत बोलता बोलता उतरते आणि खाली घ्यायला आलेल्या लेकाशी कन्नडमध्ये बोलू लागते. एरवी ही पाच मिनिटं तुम्हाला जड गेली असती. आज तुम्ही खाली उतरता, महामार्गाच्या दिशेला तोंड करता आणि त्या 12 जणांसाठी गाडी सुटेपर्यंत उभे राहता.