सोयाबीन अर्थसाहाय्य : रक्कम कशी ठरते आणि कुठे अडकते?

खरीप 2023 मध्ये भाव पडल्याने राज्य शासनाने सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना अर्थसाहाय्य दिले. 29 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने त्याचा दर ठरला : 0.2 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट 1,000 रुपये, त्यापुढे हेक्टरी 5,000 रुपये, कमाल मर्यादा 2 हेक्टर. सोयाबीनसाठी 2,646.34 कोटी रुपयांची तरतूद होती. रक्कम 30 सप्टेंबर 2024 पासून खात्यांवर जमा होऊ लागली.

हिशोब सोपा आहे. 0.2 हेक्टर म्हणजे 20 आर, ढोबळमानाने 20 गुंठे. 15 गुंठे सोयाबीन असेल तर 1,000 रुपये, एक एकर असेल तर सुमारे 2,000. पाच एकरांवर 10,000 रुपयांची मर्यादा गाठली जाते; आठ एकर पेरले तरी तेवढेच. एकरी 2,000 रुपयांत मळणीचा खर्चही जेमतेम निघेल. तरी हक्काची रक्कम सोडायची कशाला?

ही रक्कम पेऱ्याच्या नोंदीवरून ठरली. केडगाव, चौफुला आणि भीमेपलीकडे न्हावऱ्याच्या बाजूला खरी अडचण इथेच येते. या पट्ट्यात कांदा आणि ऊस महत्त्वाचा. सोयाबीन कांद्याआधी मोकळ्या रानात किंवा आडसाली उसाच्या सरीत घेतले जाते, आणि नोंद मात्र उसाचीच होते. मग सरकारी कागदावर तुमच्या रानात सोयाबीन नसतेच. आंतरपीक असेल तर ई-पीक पाहणीत मिश्र पीक निवडा आणि दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगवेगळे भरा. फोटो पीक उभे असताना, त्याच गटात जाऊन काढावा लागतो. काढणीनंतर मोकळ्या रानाचा फोटो काय कामाचा? भरताना चूक झाली तर 48 तासांच्या आत एकदा दुरुस्ती करता येते. नंतर नवा सातबारा काढून गाव नमुना 12 वर सोयाबीन आले का, हे स्वतः वाचा.

हीच नोंद हमीभाव खरेदीलाही लागते. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, 2025-26 साठी तो 5,328 आहे. बाजारात दर त्याखाली असताना केंद्रावर माल घालायचा तर सातबाऱ्यावर सोयाबीन दिसलेच पाहिजे. ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे, तेव्हा माल नीट वाळवूनच न्या.

दुसरी अडचण सामाईक खात्याची. तीन भावांचा एकच गट असेल तर रक्कम एकाच्या खात्यावर घेण्यासाठी बाकीच्यांचे नाहरकतपत्र मागितले गेले. भाऊ पुण्यात किंवा मुंबईत असला, वारसनोंद राहिली असली, की हा कागद महिनोन् महिने रखडतो. वारसनोंदीचे काम योजनेची वाट न पाहता उरकून घ्या. वाट्याने करणाऱ्याचे दुखणे वेगळेच : कष्ट त्याचे, पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. यावर शासकीय उपाय नाही. पेरणीआधीच मालकाशी बोलून ठेवलेले बरे.

नोंद बरोबर असूनही पैसे आले नाहीत, तर आधी बँकेत चौकशी करा. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते, तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यावर जाईलच असे नाही. एखादे जुने, बंद पडलेले खाते जोडलेले असले तर रक्कम तिथेच अडकते. नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे असेल तरी तेच.

एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो काढताना सगळे गट जोडले गेलेत का, हे पाहा. दौंडमध्ये घर आणि शिरूरमध्ये रान असेल तर हमखास एखादा गट सुटतो. गट राहिला असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, लाभार्थी यादीत नाव नसेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे जा. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.