पहिलं विमान, पहिला परवाना : जुहूच्या मॉथपासून आजपर्यंत

काकडीचा शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाला. संगमनेरकरांच्या डोक्यावरून विमानं जायला लागली आणि घराघरात प्रश्न आला, "पोराला पायलट व्हायचंय, विमान कोणतं शिकावं?" हा प्रश्न जुना आहे. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

10 फेब्रुवारी 1929. जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. वय 24. शिकले कुठे? मुंबईच्या फ्लाइंग क्लबात. क्लब आदल्याच वर्षी निघालेला, आणि विमान होतं द हॅविलंड कंपनीचं मॉथ.

हे मॉथ 1925 मध्ये पहिल्यांदा उडालं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, एकामागे एक दोन उघड्या जागा. गुरुजी शिष्याशी बोलायचे ते रबरी नळीतून! पंख मागे दुमडायचे, त्यामुळे साध्या शेडमध्ये मावायचं. पण त्याचा खरा गुण वेगळाच.

1930 साल. आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्यानं उडण्यासाठी बक्षीस आधीच लावलेलं. टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकलेला. टाटांनी स्वतःकडचे जादा प्लग दिले, आणि बक्षीस अस्पीनं जिंकलं! आपण टाटांच्या दिलदारीचं कौतुक करतो, करावंच. पण प्लग चालले, कारण दोघांकडेही जिप्सी मॉथच होतं. नवशिक्याचं विमान असंच हवं : सगळीकडे दिसणारं, सुटा भाग लगेच मिळणारं.

पुढे 1958 मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टनं क्लबांसाठी दोन आसनी 'पुष्पक' उडवलं, ते याच विचारानं. आज ती जागा सेसना 152 आणि 172 यांनी घेतली आहे. पहिलं दोन जागांचं, दुसरं चार.

आता परवाना. इथे घरं फसतात. विद्यार्थी परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. खासगी परवान्याला वय 17, दहावी पास आणि किमान 40 तास उड्डाण लागतं, पण त्यावर पगार घेता येत नाही. टाटांचा तो पहिला परवानासुद्धा हौसेचाच होता. नोकरी हवी तर व्यावसायिक परवाना : वय 18, बारावीला फिजिक्स-गणित, 200 तास. चाळीस आणि दोनशे, खर्चातलं अंतर तुम्हीच काढा.

म्हणून शेत गहाण टाकण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची लागते. तिथे अडलं तर पुढचा सगळा खर्च वाया.

आणि प्रशिक्षण संस्थेत गेलात की विमानाच्या रंगावर भाळू नका. विचारा : आज किती विमानं उडतायत? किती सुट्या भागांची वाट बघत उभी आहेत? एका मुलाला महिन्याला किती तास मिळतात? अबुकीरला अस्पीचं जे अडलं होतं, तेच आजही अडतं.