नोंद आहे, पण सापडत नाही

२०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून जुनी दप्तरे बाहेर निघाली. अंतरवाली सराटीच्या घटनेनंतर ७ सप्टेंबरला राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. निझामकालीन कागदपत्रांत ‘कुणबी’ असा उल्लेख कुठे आहे, हे शोधायचे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस आकडा जाहीर झाला. सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासल्या आणि त्यात ११ हजार ५३० कुणबी नोंदी मिळाल्या. म्हणजे साधारण दीड हजार नोंदी उलटल्यावर हाती एक. या कामासाठी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या भाषेला एरवी ‘परकी’ म्हणून हिणवले जाते, तिच्यावाचून मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद वाचता येईना.

आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात लिहिण्यासाठी हा लेख नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच. एक शब्द शोधण्यासाठी पावणेदोन कोटी नोंदी का पाहाव्या लागल्या? निझामाचे कारकून बेशिस्त होते का? मुळीच नाही. ते दप्तर उत्तम लावलेले होते, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नासाठी लावलेले होते.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हा प्रश्न रोज भेटतो. त्याच्याकडे हजारो वस्तूंचा संग्रह असतो आणि त्यातली नेमकी एक बाहेर काढायची असते. ती कशी काढायची, हे संग्रह रचतानाच ठरते.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे उदाहरण घेऊ. गावात जुना किल्ला आहे आणि चालुक्यकालीन केदारेश्वराचे मंदिर आहे. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची रांग आहे. त्यातली एखादी विशिष्ट मूर्ती पाहायची असेल आणि ती कुठे आहे हे माहीत नसेल, तर काय कराल? एका टोकापासून चालायला लागाल आणि प्रत्येक मूर्तीपुढे थांबाल. नशीब चांगले असेल तर ती लगेच दिसेल, नाहीतर प्रदक्षिणा पूर्ण होईल. शोधण्याची ही पहिली रीत, आणि शिंदे समितीने केलेली तपासणी याच जातीची. संगणकही पुष्कळदा हेच करतो. तो भरभर चालतो, एवढाच फरक.

दुसरी रीत क्रमांकाची. ‘पूर्वेच्या भिंतीवरची सातवी’ असे कुणी सांगितले, तर बाकीच्यांकडे पाहावेही लागत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये याला इंडेक्स म्हणतात. तिसरी रीत क्रमाने लावलेल्या यादीची. शब्दकोश आपण मधूनच उघडतो, हवा तो शब्द मागे आहे की पुढे ते पाहतो आणि उरलेला अर्धा भाग सोडून देतो. याच पद्धतीने पावणेदोन कोटी नावे अक्षरक्रमाने लावलेली असती, तर कोणतेही एक नाव पंचवीस पावलांत मिळाले असते.

चौथी रीत किल्लीची. नावाच्या अक्षरांवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या खणात नोंद ठेवायची. पुढे तेच नाव कुणी विचारले की पुन्हा तोच आकडा काढून थेट तो खण उघडायचा. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ही कल्पना मांडली. आज बहुतेक प्रत्येक संगणकी भाषेत ती आहे. तिच्यात शोध वेगाने होतो, पण अट एकच: ज्या किल्लीने ठेवले, त्याच किल्लीने मागायचे.

आता निझामाच्या दप्तराकडे या. राज्याला महसूल हवा होता. म्हणून पाहणी पत्रकाची किल्ली होती गाव आणि सर्व्हे नंबर. ‘अमुक नंबरची जमीन कोणाकडे, पीक काय, आकार किती’ असे विचारा, उत्तर काही मिनिटांत मिळते. पण ‘ज्यांच्या नावापुढे अमुक जात लिहिली आहे असे सगळे दाखवा’ म्हटले, की दप्तर मुके होते. जात तिथे कुठेतरी लिहिलेली असेल, पण किल्ली म्हणून नाही. मग उरते फक्त पहिली रीत, पान उलटत जाण्याची.

हे दुखणे महसूल खात्याला माहीत नव्हते असे नाही. आपल्या खेड्यातल्या प्रत्येकाला सातबारा माहीत असतो. त्यावर गट क्रमांकावरून माणूस सापडतो. पण एकाच माणसाच्या गावात चार ठिकाणी जमिनी असतील तर? त्यासाठी आठ-अ आहे. तिथे खातेदारावरून त्याच्या जमिनी सापडतात. माहिती तीच, दिशा उलटी. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांकही असतात. त्या क्रमांकाने फेरफार नोंदवही उघडली की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळते आणि एक एक कडी धरून मागे जाता येते. कागदावर चालणारी ही यंत्रणा संगणकाच्या आधीची आहे, पण विचार अगदी तोच.

आपल्या ज्ञानपरंपरेलाही हा विचार नवा नाही. हदीसचे संग्रह पाहा. इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांची ‘मुस्नद’ सहाबींच्या नावाने लावलेली आहे. एका सहाबीने सांगितलेल्या सगळ्या हदीस तिथे एकत्र मिळतात. त्यांच्यानंतर इमाम बुखारी (मृत्यू ८७०) यांनी आपला संग्रह विषयवार लावला: वुजू, नमाज, व्यापार, लग्न. व्यापाराबद्दल काय सांगितले आहे, हे शोधणाऱ्याला ‘मुस्नद’ धुंडाळत बसावे लागते, ‘बुखारी’त त्या बाबीचे पान उघडले की झाले. पण एखाद्या सहाबीच्या सगळ्या रिवायती एकत्र हव्या असतील, तर गोष्ट बरोबर उलटी. एकाला सातबारा म्हणा, दुसऱ्याला आठ-अ. बगदादच्या इब्न नदीमने तर ३७७ हिजरीत, म्हणजे इसवी सन ९८७-८८ मध्ये, त्याला माहीत असलेल्या अरबी पुस्तकांची यादीच केली आणि तिचे नाव ठेवले ‘फिहरिस्त’. मराठीतला ‘फेरिस्त’ हा जुना शब्द याच घराण्यातला.

मग अडचण कुठे येते? किल्ली बदलते तिथे.

धर्मापुरीचेच पाहा. निझामाच्या राज्यात धर्मापुरी नावाचे दुसरे गाव होते, तेलंगणात गोदावरीकाठी, नरसिंहाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध. तेव्हा नुसते ‘धर्मापुरी’ म्हणून हैदराबादच्या दप्तरात शोधले तर भलत्याच गावाचा कागद हाती येऊ शकतो. तालुक्याचे नाव जोडावे लागते. पण तालुका कोणता? आज गाव परळी तालुक्यात आहे, पूर्वी अंबाजोगाईकडे होते, आणि निझामकाळात अंबाजोगाईचे नाव होते मोमिनाबाद. ‘परळी’ म्हणून शोधणाऱ्याला मोमिनाबादचा कागद सापडणार नाही. नाव बदलणाऱ्यांना आणि बदलाचा जल्लोष करणाऱ्यांना ही बाजू क्वचितच आठवते. जुने नाव पुसले की जुन्या दप्तराची एक किल्ली हरवते.

तारखेचेही तसेच. निझाम राज्यात फसली सन चाले. त्याचे वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरात सुरू होई. त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येते. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. शाळेच्या जुन्या नोंदीत फसली साल असेल आणि शोधणाऱ्याने ते ओळखले नाही, तर पणजोबा सहाशे वर्षांपूर्वी शाळेत गेल्यासारखे वाटते.

सगळ्यात नाजूक किल्ली नावाची. समजा, धर्मापुरीतल्या एका बागवान कुटुंबातल्या मुलीला इतर मागासवर्गाचा दाखला हवा आहे. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचे नाव शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत आहे, पण जातीच्या रकान्यात लिहिले आहे ‘मुसलमान’. पाहणी पत्रकात ते ‘शेख’ आहेत. उर्दूत बागवान लिहितात ‘बागबान’ आणि तांबोळी ‘तंबोली’. त्यात लिपी शिकस्ता असेल तर नुक्ते गळालेले. ब, प, त यांची मांडणी एकच, फरक नुक्त्यांचा, आणि तेच नसले तर वाचणाऱ्याने संदर्भावरूनच ओळखायचे. गावपातळीवरचे कागद मोडीत असतील तर आणखी वेगळी तऱ्हा. एकाच माणसाच्या चार कागदांवर चार किल्ल्या.

आणि ‘शेख’ ही किल्ली तरी काय कामाची? बीड जिल्ह्यात शेख, सय्यद, पठाण या तीन शब्दांनी शोधा, खण फुटेपर्यंत नोंदी निघतील. प्रोग्रॅमर याला टक्कर म्हणतो: एकाच खणात खूप वस्तू पडल्या की किल्लीचा फायदा संपतो आणि आत पुन्हा एक एक पाहत बसावे लागते. नोंदणाऱ्याने बागवानाला, तांबोळ्याला, अत्ताराला एकाच ‘मुसलमान’ खणात टाकले. त्याला वेगळे लिहिण्याची गरज वाटली नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली, शब्बीर अन्सारी गावोगाव फिरले, दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस सोबत उभा राहिला. तेव्हापासून या समाजांना हक्क कागदावर मिळाले. पण प्रत्यक्ष दाखल्यासाठी आजोबांच्या रकान्यातला तो एक शब्द लागतो.

२ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटबाबत निर्णय काढला आणि गॅझेट हा शब्द घरोघरी पोचला. अशा ग्रंथांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात समूहांची संख्या दिलेली असते. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके हजार, एवढेच. बेरजेतून माणूस काढता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासाला बेरीज उपयोगी, दाखल्याला मात्र नावाची ओळच लागते. बागवानांचाही अनुभव वेगळा नाही, कुणब्यांचाही नाही.

आज सगळीकडे स्कॅनिंग सुरू आहे आणि ते आवश्यकच आहे. वाळवी आणि पावसापासून कागद वाचतो. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. ‘१३५२ फसली, तालुका मोमिनाबाद, मौजे धर्मापुरी, बागबान’ हे त्या फोटोशेजारी कुणीतरी वाचून टाइप केल्याशिवाय संगणक तो शोधून देणार नाही. तो वाचणारा माणूस उर्दू, शिकस्ता किंवा मोडी शिकलेला हवा. आपल्या घरातली उर्दू येणारी पिढी वयस्कर झाली आहे, आणि मोडीची अवस्था त्याहून बरी नाही.

म्हणून वाचकांना एक साधे काम सुचवतो. आजोबा-आजी हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा. एका वहीत लिहा: त्यांच्या वडिलांचे नाव कागदावर जसे आहे तसे, आणि घरात हाक मारत तेही. गावाचे नाव, तेव्हाचा तालुका आणि आजचा तालुका. कागदावरचे साल फसली, हिजरी की इसवी. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट क्रमांक. धंदा कोणता, शाळा कोणती, वर्ग कोणता. उर्दू कागद असेल तर तो वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवून मूळ कागदासोबत ठेवा. शेजारच्या घरात मोडीचा कागद असेल तर त्यांनाही हेच सांगा.

धर्मापुरीच्या त्या मुलीचा पुरावा बहुधा कुठल्यातरी गठ्ठ्यात आजही आहे. तो गठ्ठा कोणत्या नावाने मागायचा, हे सांगू शकणारे आजोबा मात्र फार दिवस थांबणार नाहीत.