उलट्या आट्याची गोष्ट

आजचा विषय जरा तेलकट आहे. सायकलच्या पायडलपासून मागच्या चाकापर्यंत ताकद जाते, त्या वाटेवर कुठे कुठे ढिलाई शिरते आणि गेली सव्वाशे-दीडशे वर्षं माणसं तिच्याशी कशी भांडत आली आहेत, हा. 'यात लिहिण्यासारखं काय आहे?' असं वाटत असेल तर पाचच मिनिटं द्या. शेवटी राइट बंधूंचं विमान पण येणार आहे :)

आधी फिक्स्ड गिअर म्हणजे काय ते बघू. आपल्या नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की ते टिकटिक करत मोकळं फिरतं आणि उतारावर आपण हवा खात बसतो. फिक्स्ड गिअरमध्ये ही चैन नाही. मागचं दातेरी चक्र हबला पक्कं बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे पायही फिरणार. लहान मुलांची तीनचाकी आठवा, अगदी तसंच. जॉन केंप स्टार्लीने १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत रोव्हर नावाची सायकल आणली, जिला आजच्या सायकलींची आजी म्हणता येईल, तीसुद्धा अशीच होती. वेलोड्रोमवरच्या शर्यतीच्या सायकली आजही अशाच असतात, आणि त्यांना ब्रेक नसतात. वेग कमी करायचा तर पायडलवर उलटा जोर द्यायचा.

गोम इथेच आहे. साध्या सायकलमध्ये चेनवर जोर फक्त पुढच्या दिशेने येतो. सांध्यांमध्ये फट असली तरी ती एका बाजूला दाबली जाऊन गप्प बसते. फिक्स्डमध्ये जोर क्षणात पुढे, क्षणात मागे. प्रत्येक वेळी सगळ्या फटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि 'टक्' असा आवाज येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत फ्रीव्हील रुळलं आणि हा आवाज बराचसा बंद झाला. झीज मात्र बंद झाली नाही! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फ्रीव्हील म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. चूक घडतच असते, फक्त कोणाला कळत नाही.

आता एकेक सांधा घेऊ.

पहिली चेन. 'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात त्या पिना आणि त्या जिथे फिरतात ती भोकं. जुन्या रोलर चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर यायचा. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने १८८० साली त्यात एक नळीसारखा बुश घातला. भार बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि चेनचं आयुष्य वाढलं. तरी झीज होतेच. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे एका फुटात २४ कड्या. हे एक फूट १/१६ इंचाने वाढलं की चेन बदलावी, आणि १/८ इंचाने वाढलं तर दात्यांचंही भलं झालेलं नसतं. हिशोब करून बघा: १/१६ इंच भागिले २४, म्हणजे एका सांध्यामागे साधारण ०.०६६ मिलिमीटर. जवळपास एका केसाएवढी झीज, आणि चेन बाद!

दुसरा सांधा क्रँकचा. आपल्या काळ्या, दणकट सायकलींची कॉटर पिन आठवतेय? एका बाजूने सपाट तासलेली, हातोडीने ठोकून बसवायची ती. ती सपाट बाजू झिजली की दर फेरीला क्रँक हलते आणि सायकल चालवणाऱ्याला 'कट्... कट्...' ऐकू येतं. साध्या सायकलवर ही नुसती कटकट. फिक्स्डवर तीच पिन दोन्ही बाजूंनी मार खाते, कारण पुढे जायला तीच आणि थांबायलाही तीच.

तिसरा सांधा सगळ्यात महत्त्वाचा: मागचं दातेरी चक्र हबला कसं धरतं? आट्यांवर. पुढे पायडल मारलं की आटा आवळला जातो. झकास! पण पायांनी थांबवायला गेलं की तेच चक्र उलटं सुटायला बघतं. ते सुटलं की हातात, म्हणजे पायात, काहीच उरत नाही. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. चक्राच्या बाहेरून एक लॉकरिंग बसवतात, आणि तिचा आटा उलटा असतो. चक्र सुटायच्या दिशेने सरकायला लागलं की ते लॉकरिंगला आपल्याबरोबर ओढतं, आणि त्या ओढण्याने लॉकरिंग आणखी आवळली जाते. म्हणजे शत्रूच्याच ताकदीने दार बंद! लॉकरिंगसाठी आटे नसलेल्या साध्या हबवर असं चक्र बसवण्याचा उद्योग पण लोक करतात. इंग्रजीत त्याला सरळ 'सुइसाइड हब' म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड सायकलला पुढचा एक ब्रेक पुरतो. मागच्या चाकाचं काम पायांवर सोपवलेलं असतं, म्हणजे शेवटी या आट्यांवर.

उलट्या आट्याचा दुसरा पत्ता म्हणजे डावं पायडल. सरळ आटा असेल तर डावं पायडल चालवता चालवता सुटून येतं. गंमत म्हणजे साधा तर्क उलटं सांगतो: बेअरिंगच्या घर्षणाने ते घट्ट व्हायला हवं. पण आट्यांमध्ये सूक्ष्म फट असतेच, आणि पायाचा भार त्या भोकाच्या आत गोल फिरतो. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि मुठीच्या आतल्या कडेला दाबत ती गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेने गडगडत जाते. पायडलचंही तेच. अमेरिकेत डेटन शहरात दोन भावांचं सायकलचं दुकान होतं, त्यांनी १९०० साली आपल्या सायकलींच्या डाव्या पायडलला उलटा आटा दिला. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट!

याच भावांना तीन वर्षांनी ढिलाईने पुन्हा गाठलं. त्यांच्या विमानात इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत चेन आणि दातेरी चक्रांनीच जात होती, सायकलवाल्यांना दुसरं काय सुचणार? ५ नोव्हेंबर १९०३ ला किटी हॉकला इंजिन चालवून पाहिलं. ते नीट पेटेना, धक्के देत चालू लागलं. चक्रं ढिली झाली आणि पंख्यांचे दांडे बिघडले. दांडे दुरुस्तीला डेटनला पाठवले, २० नोव्हेंबरला परत आले, आणि चक्रं पुन्हा ढिली! इथे उलटा आटा कामाचा नव्हता, कारण धक्के दोन्ही दिशांनी येत होते आणि दरवाजा लोटून धरायला कुठलीच एक बाजू नव्हती. शेवटी त्यांनी सायकलचे टायर रिमला चिकटवायचं सिमेंट आणलं आणि चक्रं चक्क चिकटवून टाकली. ती पुन्हा हलली नाहीत. मग दांड्याला तडा गेला, म्हणून पोकळ दांडे टाकून भरीव पोलादी आणले. १७ डिसेंबरला विमान उडालं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या चिकटवलेल्या चक्रांना मात्र पुस्तकात क्वचितच जागा मिळते.

मला या सगळ्यातून जे दिसतं ते असं: ढिलाई संपवणं कोणालाच जमलेलं नाही. रेनॉल्डने ती पसरवून हळू केली, लॉकरिंगवाल्यांनी तिला तिच्याच जोरावर अडवलं, फ्रीव्हीलने तिचं तोंड बंद केलं. यातला तिसरा उपाय सगळ्यात आरामाचा आणि सगळ्यात फसवा. म्हणून फ्रीव्हीलवाल्यांनीही अधूनमधून पट्टी घेऊन चेन मोजावी.

आणि हो, घरच्या सायकलचं डावं पायडल काढायचं झालं तर लक्षात ठेवा. नेहमीसारखा पाना फिरवाल तर ते आणखी घट्ट होईल.