वीरबालांची खरी कमाई

देवस्थानांच्या जुन्या देणगी-याद्या चाळताना एक गोष्ट सहज नजरेत भरते. सभामंडपाची फरसबंदी, पालखी, समया, नंदादीपाचे तेल यांसाठी ज्यांनी द्रव्य दिले त्यांत स्त्रियांची नावे येतात, ती बहुधा ‘स्मरणार्थ’ या शब्दाच्या आधी. हयात स्त्रीचे दान आढळलेच तर ते स्त्रीधनातील एखाद्या दागिन्याच्या रूपाने देवीच्या अंगावर चढलेले असते. अविवाहित मुलीच्या नावापुढे रक्कम मांडलेली यादी मात्र क्वचितच सापडावी. भक्तीची उणीव हे त्याचे कारण नव्हे. देण्याजोगे स्वतःचे असे तिच्या हाती काही नसे, एवढेच. ज्या एका संघटनेने दहा-बारा वर्षांच्या मुलींना स्वतः मिळवून स्वतः देण्याची सवय लावली, त्या गर्ल गाईड अथवा वीरबाला चळवळीचा वृत्तान्त महाजन कुटुंबांनी या दृष्टीने अवश्य पाहावा.

या चळवळीचा जन्म मोठा गमतीचा आहे. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडात मुलांसाठी बालवीर पथके काढली तेव्हा मुलींचा विचार त्यांच्या मनात नव्हता. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला, त्यात काही मुली आपण होऊन गणवेश चढवून दाखल झाल्या आणि ‘आम्हीही बालवीरच’ असा दावा त्यांनी केला. त्यांना परत पाठविणे सोपे होते. तथापि १९१० साली त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि बेडन-पॉवेल यांची भगिनी ॲग्नेस हिच्याकडे तिची धुरा आली. १९१२ साली ॲग्नेसने मुलींसाठी जे मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले, त्याच्या नावातच साम्राज्याच्या उभारणीस मुलींचा हातभार कसा लागेल हा विषय होता. म्हणजे या रोपट्याच्या मुळाशी साम्राज्याचे खतपाणी होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

हिंदुस्थानात पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. आरंभी ही पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींचीच असत. हिंदी मुलींना त्यांत प्रवेश मिळाला तो १९१६ पासून. त्याच सुमारास मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी स्वतंत्र बालवीर संस्था काढली होती आणि १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू प्रभृतींच्या पुढाकाराने सेवा समिती बालवीर संस्था उभी राहिली. राजनिष्ठेची शपथ आणि स्वदेशाचा अभिमान यांतील हा ताण पुढे स्वातंत्र्यापर्यंत पुरला. असो. सगळ्यांत धाकट्या मुलींच्या पथकाला इंग्लंडात ‘ब्राउनी’ म्हणत. तिकडच्या लोककथेतील हे घरकाम करणारे भूत इकडच्या मुलींना काय कळणार? म्हणून येथे त्यांस प्रथम ‘ब्लू बर्ड’ आणि पुढे ‘बुलबुल’ असे नाव मिळाले, आणि ते शोभलेही.

त्या काळी एखाद्या हिंदू घरातील बारा वर्षांची मुलगी गणवेश घालून, गळ्यात रुमाल बांधून, मैत्रिणींसह रस्त्याने चालली म्हणजे काय होत असे, याची कल्पना आज येणे कठीण. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा केवढे रण माजले होते! १९२७ च्या जानेवारीत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिचा मुख्य विषय स्त्रीशिक्षण हाच होता. परंतु मुली शाळेतून निघून जातात त्या बोहल्यावर चढण्यासाठी, या प्रश्नाला बगल देऊन शिक्षणाची चर्चा करणे शक्यच नव्हते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. वीरबाला पथकात मुलगी दहाव्या वर्षी येई आणि सोळाव्यापर्यंत राही. ज्या वयात मुलगी सासरी जावयाची, नेमके तेच हे वय. जखम बांधणे, स्वयंपाक करणे, नकाशा वाचणे, रात्री तंबूत राहणे, हे शिकण्यासाठी तिला ती पाच-सहा वर्षे मिळाली हीच मोठी गोष्ट होती. मुलींच्या हक्कांविषयी या संस्थेने फार काळ मोठ्याने काही म्हटले नाही, अशी टीका होते व ती काही अंशी रास्तही आहे; मुलींवरील हिंसेविरुद्ध जागतिक संघटनेने उघड मोहीम उभारली ती २०११ साली. परंतु सभेत एकही ठराव न मांडता भर रस्त्यावरून चालत गेलेल्या त्या मुलींनी जे बोलून दाखविले, ते ठरावांहून कमी नव्हते.

आता दानाकडे वळावयास हवे, कारण या चळवळीचे वेगळेपण तेथेच आहे. १९२८ साली जागतिक संघटना स्थापन झाली. त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेतील परिषदेत असे ठरले होते की, बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ऑलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस जो २२ फेब्रुवारी, त्या दिवशी जगभरच्या मुलींनी एकमेकींचे स्मरण करावे. आपल्याकडे यास ‘चिंतन दिन’ म्हणतात. १९३२ साली पोलंडमधील बूचे येथे परिषद भरली असता बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचविले की, वाढदिवस म्हटला म्हणजे भेटही आली. तेव्हा या दिवशी केवळ स्मरण न करता काही द्यावेही. ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांनी पत्र लिहून मुलींकडे मागितली ती एक पेनी. रुपयाचा भाव तेव्हा १ शिलिंग ६ पेन्स होता. त्या हिशेबाने पेनी म्हणजे आण्याहून किंचित कमी.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये चळवळीचे पहिले जागतिक केंद्र उघडले गेले. ते बोस्टनच्या हेलन स्टॉरो या धनिक बाईंच्या औदार्याने उभे राहिले होते. एकीकडे एकाच हाताने दिलेले घर आणि दुसरीकडे असंख्य हातांची एकेक पेनी, असे दोन दानप्रकार एकाच साली समोर आले. देवळांच्या कारभारात मुरलेल्या मंडळींना हा भेद समजावून सांगावयास नको. मोठ्या देणगीने शिखर बांधून होते. नित्याचा दिवा मात्र घरटी वर्गणीवर जळतो, आणि वर्गणी भरणारा प्रत्येक जण देवळाला आपले म्हणतो.

महायुद्धाने या सवयीची कसोटी पाहिली. १९४० साली इंग्लंडातील वीरबालांनी एक आठवडा ठरवून आपल्या कमाईतून पैसा जमविला आणि त्यातून रुग्णवाहू विमाने व एक जीवरक्षक नौका घेतली गेली. ‘गाईड ऑफ डंकर्क’ हे त्या नौकेचे नाव, कारण डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक सोडवून आणण्याच्या कामी ती लागली होती. युद्ध संपताना त्यांच्या स्वयंसेविकांची पथके युरोपात मदतकार्यासाठी गेली व त्यांपैकी एक बर्गेन-बेल्सनच्या मुक्त झालेल्या छळछावणीत पोहोचले. ज्या पोलंडात पेनीची कल्पना निघाली तेथील मुलींची गत तर फारच दारुण झाली. राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीत कैदेत असलेल्या पोलिश वीरबालांनी १९४१ साली गुप्तपणे पथक बांधले. ‘मुरी’, म्हणजे भिंती, हे त्याचे नाव. जवळच्या तुटपुंज्या अन्नातून आजाऱ्यांना वाटा देणे हेच त्यांचे सेवाकार्य होते.

त्याच पोलंडच्या काही मुली नियतीने कोल्हापूरच्या दारी आणून सोडल्या, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केली होती. १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी अनेक जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला, ती कथा सुपरिचित आहे. तिच्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूरनजीक वळिवडे येथे वसली. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बव्हंशी स्त्रिया आणि मुले. घरचे कर्ते पुरुष आघाडीवर अथवा काळाच्या पडद्याआड. तेथे शाळा निघाल्या, चर्च उभे राहिले आणि त्याबरोबरच बालवीर व वीरबाला यांची पथकेही. ज्यांचे देश, घर, वडील, सारेच हरपले होते अशा मुली पंचगंगेच्या खोऱ्यात शेकोटीभोवती बसून आपल्या भाषेत प्रतिज्ञा म्हणत. दुसऱ्याच्या उपयोगी पडेन, असे त्या प्रतिज्ञेत असे. ज्यांना स्वतःलाच मदतीची गरज, त्यांनी हे म्हणावे, यातच सेवेचा अर्थ बराच उलगडतो. १९४८ पर्यंत ही वसाहत रिकामी झाली आणि त्या जागी सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापुरात पोलिश निर्वासितांचे स्मारकही आहे.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संस्थांचे एकीकरण झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड संस्था तीत सामील झाली. राजनिष्ठेच्या जागी देशनिष्ठा आली. या संस्थेच्या उपक्रमांपैकी ‘खरी कमाई’ हे नाव मराठी शाळांतून घरोघर पोहोचले आहे. मुलांनी आपल्या श्रमाने, कोणाकडे हात न पसरता, चार पैसे मिळवावे आणि ते पथकाच्या व सेवेच्या कामी लावावे, ही त्यामागील कल्पना. शाळेच्या पटांगणात भेळ, सरबत, भाजी, कागदी फुले यांची दुकाने मांडून बसलेल्या मुली कोणी पाहिल्या नाहीत? पुष्कळदा भेळेची चटणी आई वाटते, सामानाचे पैसे वडील देतात आणि गिऱ्हाईकही शेजारच्या काकूच असतात. मग कमाई खरी कोणाची, हा प्रश्न उरतोच. तरीही सायंकाळी नाणी मोजून वहीत जमाखर्च मांडणारी मुलगी त्या दिवशी असे काही शिकते की जे गणिताच्या तासाला शिकविले जात नाही. त्या वहीत देणारी म्हणून तिचे नाव असते.

स्वित्झर्लंडनंतर १९३९ साली लंडनला आणि १९५७ साली मेक्सिकोत अशी केंद्रे झाली. आशियात मात्र एकही नव्हते. ते उभारण्यासाठी पुण्याची निवड झाली. आळंदी रस्त्यावरील या वास्तूस ‘संगम’ हे नाव मिळाले. मुळा-मुठेच्या संगमावर वसलेल्या गावी त्याहून उचित नाव शोधूनही मिळाले नसते. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांनी त्याचे उद्घाटन केले. देशोदेशींच्या तरुणी तेथे येऊन राहतात आणि पुण्यातील सामाजिक संस्थांतून काम करतात. भारतात १९५७ च्या दशमान नाण्यांनी आणा मागे पडला, इंग्लंडातील जुनी पेनी १९७१ साली गेली. २२ फेब्रुवारीची वर्गणी अद्याप गोळा होते.