पुसलेली फाइल आणि सफाईचा बाजार

घरातला संगणक मंदावला की आजही कोणीतरी हमखास सांगतो, ‘एखादा क्लीनर टाकून घ्या, पळायला लागेल.’ हा सल्ला इतका रुळला कसा? या धाग्यात संगणकाच्या डागडुजीच्या साधनांचा इतिहास पाहू. त्याचा आरंभ होतो चुकून पुसल्या गेलेल्या एका फाइलीपासून.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. तो आरंभीच घेणाऱ्यांमध्ये पीटर नॉर्टन नावाचा अमेरिकी प्रोग्रॅमर होता. तरुणपणी सुमारे पाच वर्षे बौद्ध मठात राहिलेला आणि पुढे विमान-उद्योगातील नोकरकपातीत नोकरी गमावलेला हा गृहस्थ. एकदा त्याच्या हातून कामाची फाइल पुसली गेली. सारे पुन्हा टंकण्याऐवजी त्याने ती परत आणणारा प्रोग्रॅमच लिहिला. त्याचे नाव ‘अनइरेज’. १९८२ मध्ये तो ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचातून विक्रीस आला.

पुसलेले परत कसे येते? डॉस ही त्या काळची कार्यप्रणाली फाइल पुसताना मजकुराला हातच लावत नसे. डिस्कवरील सूचीत प्रत्येक फाइलीची बत्तीस बाइटांची नोंद असे. डॉस त्या नोंदीतील नावाचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरावीक खूण ठेवी आणि फाइलीने व्यापलेली जागा ‘मोकळी’ म्हणून दाखवी. सातबाऱ्यावरचे नाव खोडले तरी जमीन जागेवरच असते, तसेच हे. दुसऱ्या फाइलीने ती जागा बळकावेपर्यंत मजकूर शाबूत असे.

म्हणूनच अनइरेज वापरणाऱ्याला एक मजेशीर प्रश्न विचारत असे: नावाचे पहिले अक्षर कोणते होते? तेवढे एकच अक्षर खरोखर नाहीसे झालेले असे. बाकी सारे तेथेच.

ही जादू नव्हती. डिस्कची रचना बाइटाबाइटाने जाणणाऱ्याचे ते कसब होते आणि नॉर्टनने ते ज्ञान पुस्तकांतून उघडपणे वाटलेही. हाताची घडी घातलेली, गुलाबी सदऱ्यातील त्याची छबी मुखपृष्ठांवरून जगभर गेली. १९९० मध्ये त्याने आपली कंपनी सिमॅन्टेकला विकली.

त्या पिढीची इतर साधनेही अशीच खऱ्या दुखण्यावरची होती. तेव्हाच्या डिस्कमध्ये फिरती चकती आणि तिच्यावर सरकणारी वाचन-सुई असे. एकच फाइल तुकड्यातुकड्यांनी विखुरली की सुईला धावाधाव करावी लागे आणि यंत्र मंदावे. तुकडे सलग लावणे म्हणजे डीफ्रॅग. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागी बसताना तासन्‌तास पाहत बसलेले वाचक येथे असतीलच. तसेच स्कॅनडिस्क. भारनियमनाच्या दिवसांत, यूपीएस नसलेल्या घरात वीज गेली की विंडोज ९८ पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी करू लागे. लिहिणे अर्धवट राहिल्याने सूची बिघडली आहे काय, हे ती पाही. हा सोपस्कार अकारण नव्हता.

पुण्यातील एक उदाहरण याच जातकुळीचे. कैलास काटकर कॅलक्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत. दुकानात येणारी यंत्रे व्हायरसने पछाडलेली असत, म्हणून बंधू संजय यांनी ते व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. १९९० च्या दशकात त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. येथेही दुखणे आधी आणि औषध नंतर.

मग हा क्रम उलटला कधी? माझ्या मते वळण १९९१ ते १९९३ या काळात आले. मायक्रोसॉफ्टने डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ आणि डॉस ६ मध्ये डीफ्रॅग अंतर्भूत केले. पहिले सेंट्रल पॉइंटकडून, दुसरे खुद्द सिमॅन्टेककडून परवान्याने घेतलेले. खऱ्या दुखण्यांवरची औषधे यंत्रासोबतच मिळू लागली. निराळी औषधे विकायची तर आता दुखणीही निराळी लागणार होती.

१९९५ चे ‘सॉफ्टरॅम ९५’ पाहा. मेमरी तेव्हा फार महाग होती. घरगुती यंत्रात चार किंवा आठ मेगाबाइट असत. हा प्रोग्रॅम ती दुप्पट करतो, असा दावा होता. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी उघडून पाहिले तेव्हा विंडोज ९५ वर तो मेमरी वाढवीतच नसल्याचे आढळले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली.

विंडोज ९५ पासून साऱ्या प्रोग्रॅमांच्या नोंदी ‘रजिस्ट्री’ नामक भांडारात केंद्रित झाल्या आणि ‘रजिस्ट्री क्लीनर’ निघाले. ‘८४७ चुका सापडल्या’ अशा थाटाचे लाल आकडे कोणाला घाबरवणार नाहीत? वास्तविक त्या ‘चुका’ म्हणजे बहुधा काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांच्या निरुपद्रवी नोंदी. रजिस्ट्रीत शोध नेमक्या मार्गाने घेतला जातो. शेपाचशे मृत नोंदींनी संगणक जाणवण्याइतका मंदावत नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका. अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केले आहे.

पुढची पायरी उघड लुबाडणुकीची. ‘विनफिक्सर’, ‘ड्राइव्हक्लीनर’ या नावांच्या जाहिराती संगणक तपासल्याचे नाटक करीत, नसलेले दोष दाखवीत आणि ते काढण्याचे पैसे मागत. २००८ मध्ये याच आयोगाने न्यायालय गाठले. फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणातील एका प्रतिवादीस १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

सीसीक्लीनरची गोष्ट वेगळी. २००४ पासूनचा हा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइली प्रामाणिकपणे काढी आणि म्हणूनच लोकांच्या विश्वासाचा होता. तोच विश्वास हल्लेखोरांनी वापरला. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०१७ या काळात कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून, कंपनीच्याच डिजिटल स्वाक्षरीसह, ५.३३ या आवृत्तीची दूषित प्रत वितरित झाली. ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. हल्लेखोरांचे खरे लक्ष्य मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या. पुढचा घातक भाग जेमतेम चाळीस यंत्रांवर उतरवला गेला. घरोघरचे संगणक निव्वळ वाटेत आले.

दरम्यान यंत्रच बदलले होते. एसएसडीमध्ये ना चकती ना सुई; तेथे डीफ्रॅगने वेग मिळत नाही, उलट लेखनाने झीज होते. शिवाय २००९ च्या विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ आले. फाइल पुसली की ही आज्ञा एसएसडीला मोकळी झालेली जागा कळवते आणि एसएसडी ती आतून खरोखर रिकामी करून टाकते. नॉर्टनची मूळ युक्ती तेथे बहुधा चालत नाही. एसएसडी असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत इतरत्र आहे ना, एवढे आजच पाहून ठेवा.

आणि त्या दोन नावांचे पुढे काय झाले? सिमॅन्टेकचे नाव आधी नॉर्टनलाइफलॉक झाले. सीसीक्लीनरची मालकी २०१७ पासून अवास्टकडे होती. २०२२ मध्ये या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि ‘जेन डिजिटल’ हे नाव पुढे आले. नॉर्टन आणि सीसीक्लीनर आज एकाच मालकाच्या दुकानात विकले जातात.