लाखोळीची डाळ : अन्नावरील विश्वास आणि अन्नाची भीति

नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी गोंदिया व आमगांव मागें टाकून पूर्वेस निघाली म्हणजे धानाच्या बांध्या हळूहळू विरळ होत जातात, दोहों बाजूंस टेकड्या आणि रान दिसूं लागतें, आणि दरेकशाच्या अलीकडे सालेकसा हें स्टेशन येतें. महाराष्ट्राचें हें अगदीं ईशान्य टोंक. उत्तरेस बालाघाट जिल्हा, पूर्वेस छत्तीसगढ. ह्याच तालुक्यांत कचारगडच्या गुहा आहेत, आणि माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड समाजाचे लोक तेथें दर्शनास जमतात. मुलूख धानाचा, तलाव-बोड्यांचा आणि मोहाच्या झाडांचा.

येथील घरांतलें ताट शहरच्या माणसास प्रथमदर्शनीं अपुरें वाटेल. भात किंवा भाताची पेज, बोडींतील मासळी, पावसाळ्यांत रानभाज्या आणि बांबूचे कोवळे कोंब, उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें, तेंदूचीं फळें, चारोळी, आणि भाताबरोबर कोणती तरी डाळ. ऋतु बदलला कीं ताट बदलतें. नवें धान्य आधीं देवापुढें ठेवावयाचें आणि मगच तोंडांत घालावयाचें, अशी चाल गोंड घरांतून आहे. हेंहि एक बंधनच. परंतु तें भीतीचें नव्हे, कृतज्ञतेचें आहे, आणि त्याचा शेवट नेहमीं जेवणांत होतो.

उलट शहरांतील एखाद्या सुशिक्षित घराकडे पाहावें. कोठी भरलेली असते, पण पानावर बसणाऱ्याचें मन स्वस्थ नसतें. भात खावा कीं नाहीं, तूप वाढून घ्यावें कीं नाहीं, काल लग्नांत दोन जिलब्या जास्त झाल्या त्याचें प्रायश्चित्त आज कसें घ्यावें, ह्या विवंचनेंत घास थांबतो. अन्न पुष्कळ आणि अन्नावरील विश्वास थोडा, अशी ही विलक्षण स्थिति आहे. तिचा उलगडा करूं पाहणाऱ्यास पूर्व विदर्भांतील एका हलक्या समजल्या गेलेल्या डाळीचा इतिहास फार उपयोगीं पडतो. कारण विश्वास आणि भीति ह्या दोन्ही गोष्टी त्या डाळीच्या वांट्याला पुरेपूर आल्या आहेत.

ती डाळ म्हणजे लाखोळी. कोणी तिला लाख म्हणतात. हिंदी मुलुखांत ती खेसारी, आणि छत्तीसगढांत तिवरा. तिच्या लागवडीस फारसा खटाटोप लागत नाहीं. धान कापणीस येण्याच्या सुमारास, शेतांतील ओल मोडण्यापूर्वीं, उभ्या पिकांतच तिचें बीं फेंकतात. ह्या रीतीस उतेरा म्हणतात. निराळी नांगरट नाहीं, पाणी नाहीं. धान कापून नेलें म्हणजे उरलेल्या ओलीवर लाखोळी वाढते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते, भुसा गुरांस होतो, आणि तिच्या मुळांमुळें जमिनीस नत्र मिळतें. ज्याच्यापाशीं विहीर नाहीं आणि दुसरें पीक घेण्याचें बळ नाहीं, अशा शेतकऱ्याच्या भाताला डाळीची जोड मिळते ती ह्या पिकामुळें. पाऊस कमी झाला तरी लाखोळी तग धरते, शेतांत पाणी सांचलें तरीहि तग धरते. हा चिवटपणा हा तिचा मोठा गुण. आणि तिच्यावर आलेला कलंकहि त्याच गुणांतून उद्भवला.

ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन ह्याचें एक पुस्तक १८४४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत सागर भागांतील एका गांवाची हकीकत आहे. १८२९ सालीं तेथें गारपिटीनें गव्हाचें पीक गेलें. १८३० सालीं पाऊस अपुरा पडला. १८३१ सालीं पिकावर तांबेरा पडला. ह्या तिन्ही वर्षांत एकटा तिवरा तेवढा जोमानें वाढला, आणि गांवानें त्याच्यावरच दिवस काढले. पुढें चांगलें पीक आलें, परंतु त्याच सुमारास गांवांतील तरुण माणसांच्या कमरेखालील शक्ति एकाएकीं जाऊं लागली. धडधाकट माणूस रात्रीं झोंपावा आणि सकाळीं त्याचे पाय उचलूं नयेत, असें होऊं लागलें. बुद्धि शाबूत, हात शाबूत, पाय मात्र ताठून गेलेले. आणि एकदां गेलेले पाय पुन्हां पूर्ववत् होत नसत.

नेपल्स येथील कान्तानी नांवाच्या वैद्यानें १८७३ सालीं ह्या रोगास लॅथिरिझम हें नांव दिलें. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांनीं मध्य प्रांत होरपळून निघाला, आणि ह्या रोगानें पुन्हां डोकें वर काढलें. अँड्र्यू ब्यूकॅनन ह्या सरकारी डॉक्टरानें १८९६ ते १९०२ ह्या काळांतील मध्य प्रांतांतल्या रोग्यांचा अहवाल तयार केला. तो नागपुरास छापला गेला. सालेकसा ज्या भंडारा जिल्ह्यांत त्या काळीं मोडत असे, तो जिल्हाहि ह्याच प्रांतांतला.

हीच कथा जगांत इतरत्रहि घडलेली आहे. नेपोलियनच्या स्वारीमुळें १८११-१२ सालीं माद्रिद शहरांत दुष्काळ पडला, तेव्हां तेथील गरिबांनीं ह्याच दाण्याच्या पिठावर जीव जगविला. गोया ह्या चित्रकारानें तो प्रसंग आपल्या चित्रांतून अमर केला आहे. दुसऱ्या महायुद्धांत रुमानियाच्या ताब्यांतील वाप्न्यार्का येथील छावणींत ज्यू कैद्यांना १९४२ सालीं मुख्य अन्न म्हणून हींच कडधान्यें देण्यांत आलीं, आणि थोड्याच आठवड्यांत शेकडों कैद्यांचे पाय जायबंदी झाले. आर्थर केस्लर हा डॉक्टर स्वतः त्या छावणींत कैदी होता. त्यानें रोगाचें कारण ओळखलें. आपल्याकडे रेवा भागांत वेठीच्या शेतमजुरांस मजुरी म्हणून हेंच धान्य देण्याची रीत होती, आणि तेथें दुष्काळ नसतांनाहि हा रोग दिसत असे.

सागरचें गांव, माद्रिद शहर, वाप्न्यार्काची छावणी आणि रेव्याचा मजूर ह्यांत समान असें काय होतें? डाळ समान होतीच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, ह्यांपैकीं कोणापाशींहि दुसरें अन्न नव्हतें. महिनोन्‌महिने तेंच धान्य पोटांत जात होतें. जेथें भात, भाजी आणि मासळी ह्यांच्या जोडीला ही डाळ थोडीबहुत खाल्ली जाते, तेथें हा रोग सहसा आढळत नाहीं. डाळ भिजवून किंवा शिजवून तें पाणी टाकून दिल्यास तिच्यांतील दोष बराच कमी होतो, हेंहि पुढें सिद्ध झालें. म्हणजे दोष डाळींत होता हें खरें. पण त्या दोषाचें संकटांत रूपांतर केलें तें दारिद्र्यानें आणि सक्तीनें.

कायद्यानें मात्र डाळीकडेच बोट दाखविलें. १९६१ सालीं केंद्र सरकारनें खेसारीच्या विक्रीस बंदी करणारा नियम केला. तुरीच्या डाळींत आणि बेसनांत हिची भेसळ होत असे, हेंहि त्याचें एक कारण होतें. कांहीं राज्यांनीं नियम अमलांत आणला, कांहींनीं आणला नाहीं, महाराष्ट्रानें आणला. १९६४ सालीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील राव, अडिगा आणि शर्मा ह्या संशोधकांनीं दाण्यांतील विषारी द्रव्य वेगळें करून दाखविलें. त्यानंतर कृषिशास्त्रज्ञांनीं तें द्रव्य अत्यल्प असलेले रतन, प्रतीक, महातेवडा असे वाण तयार केले. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ह्यांनीं बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षें लढा दिला, उपोषणें केलीं. त्यांच्या विरोधकांची काळजीहि खोटी नव्हती. कारण गेलेले पाय परत येत नाहींत. एका पारड्यांत गरिबाच्या ताटांतली डाळ, आणि दुसऱ्या पारड्यांत गरिबाचेच पाय, असा हा वाद होता. त्यांतून एवढी गोष्ट मात्र स्पष्ट झाली कीं, पदार्थास नुसतें बरें किंवा वाईट म्हणून भागत नाहीं. किती, कशाबरोबर, कसा शिजवून आणि कोणत्या परिस्थितींत तो खाल्ला जातो, हें पाहावें लागतें.

आतां शहराकडे वळावें. भरल्या घरीं अन्नाची भीति शिरण्याचा इतिहास फार जुना नाहीं. १८६३ सालीं विल्यम बँटिंग ह्या लंडनच्या गृहस्थानें आपला लठ्ठपणा कसा गेला ह्याविषयीं एक पुस्तिका छापली; तींत पाव, लोणी, साखर, बटाटा हे पदार्थ वर्ज्य ठरविले होते. ती इतकी गाजली कीं, त्याच्या आडनांवाचें इंग्रजींत क्रियापदच झालें. १९१८ सालीं लुलू हंट पीटर्स ह्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं घरोघरीं कॅलरी मोजावयास शिकविलें; पावाचा तुकडा हा तुकडा न राहतां एक आंकडा झाला. तेव्हांपासून वर्ज्य पदार्थांची यादी दर दहा-पांच वर्षांनीं बदलत आली आहे. कधीं तूप गुन्हेगार, कधीं भात, कधीं साखर. यादी बदलली, तरी ताटाकडे संशयानें पाहण्याची संवय मात्र बदलली नाहीं.

ह्या संवयीचा मनावर काय परिणाम होतो, ह्याचें उत्तर एका प्रयोगांत मिळतें. युद्धानें उपाशी पडलेल्या युरोपास कसें पोसावें हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज ह्यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. हे तरुण स्वखुषीनें आलेले होते. थोड्याच दिवसांत त्यांच्या बोलण्यांत अन्नावांचून विषय उरला नाहीं. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले, ताटें चाटूं लागले, चिडखोर आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर पुढें कित्येक आठवडे पोट भरलें तरी त्यांची भूक भागेना. आपल्या जुन्या बायकांनीं हें विद्यापीठाशिवाय ओळखलें होतें : एकादशी आणि दुप्पट खाशी! जी वस्तु वर्ज्य केली तिचेंच चिंतन चालतें, आणि बंधन सुटलें कीं हात आवरत नाहीं.

दुसरा प्रयोग ह्याच्या उलट दिशेचा आहे. क्लारा डेव्हिस ह्या अमेरिकन बालवैद्यांनीं १९२६ सालापासून अंगावरचें दूध नुकतेंच सुटलेल्या पंधरा मुलांपुढें तीसहून अधिक साधे, सकस पदार्थ मांडून ठेविले. मुलानें हवें तें, हवें तितकें घ्यावें. दाईनें आग्रह करावयाचा नाहीं आणि मनाईहि करावयाची नाहीं. मुलांच्या आवडीनिवडी विचित्र दिसत, पण महिन्यांचा हिशेब पाहतां सर्व मुलें उत्तम वाढलीं. एका मुडदूस झालेल्या मुलानें माशाचें तेल आपण होऊन घेतलें आणि रोग बरा होईपर्यंत घेतलें. ह्या प्रयोगाचें मर्म बाईंनीं स्वतःच सांगून टाकलें : पुढें मांडलेले सर्व पदार्थ मुळांत चांगले होते. शरीराच्या भुकेवर विश्वास ठेवतां येतो, पण त्या विश्वासास चांगल्या आणि विविध अन्नाची मांडणी लागते.

येथें सालेकशाचें ताट आणि शहरचें ताट एकमेकांस भेटतात. सागरच्या माणसास दैवानें एकाच धान्यावर आणून सोडलें. शहरचा माणूस आपल्या हातानें एकेक पदार्थ वर्ज्य करीत आपलें ताट तसेंच अरुंद करीत नेतो. दोघांच्या दुःखाची तुलना करणें अन्यायाचें होईल, कारण एकास निवड नव्हती आणि दुसऱ्यास आहे. पण विश्वास कोठें वाढतो आणि कोठें सुकतो, ह्याचा नियम मात्र दोघांस एकच. जेथें उद्यांचें जेवण निश्चित, ताटांत ऋतूप्रमाणें विविधता, आणि शिजविणारा हात ओळखीचा, तेथें तो वाढतो. जेथें टंचाई येते, मग ती दुष्काळाची असो कीं स्वतः लादून घेतलेली असो, तेथें तो सुकतो.

ह्याचा अर्थ पथ्य निरर्थक आहे असा नव्हे. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास वैद्य जें पथ्य सांगेल तें पाळलेंच पाहिजे. परंतु पथ्य हें औषधाचें भावंड आहे. त्यास रोग लागतो, वैद्य लागतो आणि कारण लागतें. निरोगी माणसानें जन्मभर रोग्याच्या पानावर बसावें, असें आपल्या कोणत्याहि शास्त्रानें सांगितलेलें नाहीं.

सालेकसा तालुक्यांतल्या गृहिणीस कॅलरी ठाऊक नसेल. पण कोठींत धान असलें, बोडींत पाणी असलें आणि रान खुलें असलें, तर आज घरांत कोणास किती वाढावें हें तिला मुलाच्या तोंडाकडे पाहून कळतें. तिची कोठी रिकामी होऊं न देणें, हें राज्याचें काम आहे. आणि ज्यांची कोठी भरलेली आहे, त्यांनीं पानावर बसल्यावर मनांतली यादी बाजूस ठेवून भूक असेल तितकें जेवावें व तृप्त झाल्यावर उठावें, एवढें त्यांचें काम आहे.